कान लावून बसलेला माणूस

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात एका मित्राच्या घरी आम्ही आठ-दहा जण एक जर्मन चित्रपट पाहायला जमलो होतो. चौघे सांगली-मिरजेहून आलेले, बाकीचे साताऱ्याचे. जर्मन कोणालाच येत नव्हते. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे उमटत होती आणि ज्यांना ती भरभर वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी एक जण हळू आवाजात मराठीत सांगत होता. भिंतीला टेकून मित्राचे चाचा बसले होते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षे झाली. नोकरीतला बराच काळ त्यांनी सभा ऐकण्यात घालवला. सभा कोणाचीही असो, मोर्चा असो, जलसा असो, मागच्या रांगेत बसायचे. वक्ता काय बोलला, माणसे किती होती, टाळ्या कुठे पडल्या याचा कागद लिहून वर द्यायचा. दोन तास सतरा मिनिटांचा तो चित्रपट संपला तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. चाचा मात्र उठून वजू करायला गेले. त्या दिवशी चित्रपटाबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही. ते का गप्प राहिले याचा विचार करता करता हा लेख झाला.

चित्रपटाचे नाव ‘दास लेबेन देअर आंदेरेन’. मराठीत सांगायचे तर ‘दुसऱ्यांची आयुष्ये’. फ्लोरियान हेन्केल फॉन डोनर्समार्क या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. तो 2006 साली प्रदर्शित झाला आणि 2007 च्या फेब्रुवारीत त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. कथा सुरू होते 1984 सालच्या पूर्व बर्लिनमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले. त्यातल्या पूर्वेकडच्या देशात कम्युनिस्ट पक्षाची एकहाती सत्ता होती आणि त्या सत्तेचे कान म्हणजे राज्य सुरक्षा मंत्रालय. लोक त्याला श्टाझी म्हणत. सुमारे 1 कोटी 60 लाख वस्तीच्या त्या देशात 1989 साली या खात्याचे जवळजवळ 91 हजार पगारी नोकर होते आणि त्यांच्याशिवाय पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. खबऱ्यांमध्ये शेजारी होते, सहकारी होते, जिवलग मित्रही होते.

कॅप्टन गेर्ड वीस्लर हा या खात्यातला निष्णात माणूस. उलरिश म्यूहे या नटाने ही भूमिका केली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच वीस्लर खात्यातल्या नव्या पोरांना चौकशीचे तंत्र शिकवताना दिसतो. कैद्याला झोपू द्यायचे नाही, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. निर्दोष माणूस चिडतो, दोषी माणूस रडतो आणि पाठ केलेले तेच वाक्य बोलत राहतो, असे तो शांतपणे समजावून सांगतो. एक विद्यार्थी विचारतो की इतका वेळ जागे ठेवणे हे अमानुष नाही का. वीस्लर उत्तर देतो आणि देता देता समोरच्या आसनपटावर त्या मुलाच्या नावापुढे एक फुली मारतो. बस, एवढेच. पुढे त्या मुलाचे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

ही फुली आमच्या मुलखाला नवी नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि कितीतरी जमातींना जन्मतःच संशयित ठरवले. रोज हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना मांगवाड्यावर लादलेली ती हजेरी आठवेल. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. अण्णाभाऊ 1920 साली जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडत होते. तो कायदा स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. कागदावरची फुली पुसली गेली तरी नजरेतली फुली पुसायला किती पिढ्या लागतात, हे त्या वस्त्यांना विचारावे.

आता नाटकाकडे येऊ. वीस्लरचा वरिष्ठ आणि जुना वर्गमित्र ग्रुबित्झ त्याला एका नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला घेऊन जातो. नाटककार आहे गेओर्ग द्रायमान, सरकारचा आवडता लेखक. मुख्य भूमिकेत क्रिस्टा-मारिया झीलांड, द्रायमानची प्रेयसी. वीस्लर वरच्या सज्जातून दुर्बिणीने रंगमंचाकडे थोडे आणि लेखकाकडे जास्त पाहतो, आणि या लेखकावर पाळत ठेवली पाहिजे असे ठरवून टाकतो. सगळे प्रेक्षक नाटक बघत असतात. नाटकाच्या मागे काय आहे हे शोधणारा तिथे एकटा पोलीसच असतो.

आम्हा सांगलीकरांना इथे ‘कीचकवध’ आठवल्याशिवाय राहत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, त्याच सांगलीत 1872 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. त्यांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगमंचावर आले. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी या नाटकाचा अर्थ असा काही उलगडून सांगितला की एखाद्या रसिक समीक्षकाला हेवा वाटावा. 1910 साली नाटकावर बंदी आली. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा त्यासाठी हाताशी होताच. जुलमी सत्तेला साहित्य कळत नाही असे आपण म्हणतो, पण तिच्याइतके बारकाईने वाचणारा वाचक लेखकाला क्वचितच भेटतो. वीस्लर हा त्याच जातीचा वाचक आहे. फरक इतकाच की वाचता वाचता या माणसाच्या आत काहीतरी हलते.

ते कसे हलते, हा चित्रपटाचा गाभा आहे. पाळतीचा हुकूम निघतो खरा, पण त्यामागे देशाची सुरक्षा वगैरे काही नसते. हेम्प्फ नावाच्या मंत्र्याची नजर क्रिस्टा-मारियावर असते आणि द्रायमान वाटेतून दूर व्हावा म्हणून त्याला काहीतरी पुरावा हवा असतो. वीस्लर मात्र आपल्या कामावर इमान असलेला माणूस आहे. पक्ष, देश, समाजवाद हे त्याच्यासाठी पोकळ शब्द नाहीत. द्रायमानच्या घरात तो वीस मिनिटांत तारा बसवून घेतो आणि माळ्यावर कानाला यंत्र लावून बसतो. पण हा सगळा खटाटोप एका मंत्र्याच्या वासनेसाठी चालला आहे हे कळते, तेव्हा पहिला तडा जातो. दिग्दर्शकाने वीस्लरला राक्षस केले नाही. प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिकपणाचा वापर जुलूम कसा करून घेतो, हे त्याने दाखवले आहे. आम्हाला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

येथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या पिढीने ज्यांच्या शाहिरीवर जीव टाकला ते अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख लाल बावट्याचे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच अमर शेख; मराठी मुसलमानाचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत नेणारा हा माणूस. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 साली उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्याच्यावर बंदी घातली. म्हणजे आमच्याकडे लाल झेंडा हा पाळत सोसणारा झेंडा होता. 1961 साली अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी आपुलकीने पुस्तक लिहिले. त्याच 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये ती भिंत उभी राहू लागली होती. तिच्या पूर्वेला तोच झेंडा लेखकांच्या घरात तारा बसवत होता. यात अण्णाभाऊंच्या निष्ठेला बट्टा लागत नाही; वाटेगावच्या मांगवाड्यातून निघालेल्या माणसाला कामगारांचे राज्य आपले वाटावे यात नवल काय? पण आम्ही वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की झेंडा इंग्रजांचा असो, तिरंगी असो, लाल असो की हिरवा असो, सत्तेला कान फुटायला वेळ लागत नाही.

द्रायमानचे पात्रही विचार करायला लावणारे आहे. तो बंडखोर नाही. सरकारशी त्याचे बरे चालले आहे, त्याची नाटके होतात, मंत्री त्याच्या पाठीवर हात ठेवतात. त्याचा ज्येष्ठ मित्र, दिग्दर्शक येर्स्का याच्यावर मात्र सात वर्षे कामाची बंदी आहे. येर्स्का गळफास घेतो तेव्हा द्रायमानला जाग येते. आपल्या देशाने आत्महत्यांचे आकडे जाहीर करणे बंद केले आहे, यावर तो एक लेख लिहितो आणि पश्चिम जर्मनीतल्या साप्ताहिकात निनावी छापून आणतो. लेख टंकायला एक छोटे यंत्र चोरून आणलेले असते, लाल शाईचे. घरातल्या उंबऱ्याच्या फळीखाली ते लपवले जाते.

सुखात असलेल्या लेखकाने तोंड कधी उघडावे, हा प्रश्न आमच्या सातारा जिल्ह्यातही एकदा भर मंडपात उभा राहिला होता. डिसेंबर 1975 मध्ये कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. जयप्रकाशांचे नाव घेणे हेच तेव्हा धाडस होते. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. द्रायमानने नाव लपवून लिहिले, दुर्गाबाईंनी नाव सांगून उच्चारले. दोघांची परिस्थिती वेगळी, त्यामुळे तुलना ताणू नये. पण कराडच्या त्या प्रसंगाची आठवण आम्ही नेहमी बोलणाऱ्याच्या बाजूने सांगतो. त्या मंडपात ऐकायला बसवलेला कोणी होता का, त्याने आपल्या कागदात काय लिहिले, लिहिताना त्याच्या मनात काय आले, हे आमच्या कोणत्याही कथा-कादंबरीत आमच्या वाचनात आलेले नाही. जर्मन चित्रपटाने नेमकी ती रिकामी खुर्ची उचलून मधोमध ठेवली आहे.

येर्स्काच्या मरणाची बातमी येते तेव्हा द्रायमान त्याने भेट दिलेली सुरावट पियानोवर वाजवतो. नाव आहे ‘भल्या माणसाचा सोनाटा’. गाब्रिएल यारेद या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या संगीतकाराने ती चित्रपटासाठी रचली आहे. माळ्यावर यंत्र लावून बसलेल्या वीस्लरच्या डोळ्यांतून पाणी ओघळते. बेथोव्हनचे संगीत फार ऐकले तर माणूस हळवा होतो आणि मग क्रांती पुरी करता येत नाही, अशा अर्थाचे लेनिन बोलल्याची आठवण गॉर्कीने नोंदवली आहे. तिच्यातूनच दिग्दर्शकाला हा चित्रपट सुचला.

या प्रसंगावर आमच्यात वाद झाला. मिरजेहून आलेल्यांना तो पटला नाही. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे होते. तिथे वाढलेल्या माणसाला सुरांनी माणूस बदलतो हे सहज पटायला हवे होते. पण त्यांचे म्हणणे असे की सुरांवर डोळे पुसणारे आणि सकाळी उठून भावाची जमीन लाटायला निघणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. मुद्दा खरा आहे. तरी आम्हाला वाटते की दिग्दर्शकाने एक बारीक गोष्ट साधली आहे. मैफलीत बसलेला श्रोता ‘वाहवा’ म्हणून मोकळा होतो. वीस्लरला दाद देता येत नाही. तो तिथे आहे हेच कोणाला कळता कामा नये. आत साठलेली दाद बाहेर पडायला त्याच्याकडे एकच जागा उरते, ती म्हणजे रोजचा अहवाल. आणि त्या दिवसापासून त्याचे अहवाल बदलू लागतात.

आधी एक छोटा प्रसंग येतो. इमारतीच्या पाळण्यात एक लहान मुलगा चेंडू घेऊन त्याच्याबरोबर चढतो आणि निरागसपणे सांगतो की तुमच्या खात्यातली माणसे लोकांना तुरुंगात टाकतात असे माझे बाबा म्हणतात. वीस्लर सवयीने विचारायला लागतो, नाव काय तुझ्या... आणि थांबतो. मुलगा वाट पाहतो. शेवटी वीस्लर चेंडूचे नाव विचारतो. मुलगा म्हणतो, चेंडूला कुठे नाव असते! संपूर्ण चित्रपट या एका अर्ध्या वाक्यात आहे असे आम्हाला वाटते. एका बापाचे आयुष्य तिथे वाचले, आणि त्या बापाला ते कधी कळणार नाही.

पुढे तो धडधडीत खोटे लिहू लागतो. द्रायमान आणि त्याचे मित्र देशाच्या चाळिसाव्या वर्धापनदिनासाठी लेनिनवर नाटक लिहीत आहेत, असे अहवालात सजवतो. ज्या लेखणीने त्याने आयुष्यभर माणसे अडकवली, तिनेच तो एका माणसाभोवती भिंत बांधतो. आमच्या भागाला ही गोष्ट उलट बाजूने माहीत आहे. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच सातारा जिल्ह्यात चालले. इंग्रजांचे खबरे फिरत होते, बक्षिसे होती, मारहाण होती. तरी नाना पाटील वर्षानुवर्षे भूमिगत राहिले, कारण गावोगावच्या माणसांनी माहीत असून माहीत नाही म्हटले. प्रतिसरकारने खबऱ्यांना दिलेल्या कठोर शिक्षांच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. ज्यांनी तोंड मिटून ठेवले त्यांच्या गोष्टी सांगायला मात्र कोणी शिल्लक राहिले नाही.

आता आमच्या वाचकांशी थोडे घरातले बोलू. पाळतीखाली जगणे काय असते हे मराठी मुसलमानाला समजावून सांगायला नको. कुठे दूर काही घडले की आपल्या मोहल्ल्यात चौकशी येते. मुलगा शिकायला परगावी गेला तरी तो कोणाबरोबर राहतो हे कोणीतरी विचारून जाते. फोनवर आपण नकळत आवाज खाली आणतो. हे सगळे खरे आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. चित्रपटात द्रायमानच्या समोर राहणारी माइनेके नावाची बाई तारा बसवताना दाराच्या छिद्रातून पाहते. वीस्लर तिला एवढेच बजावतो की तोंड उघडले तर मुलीची वैद्यकीय शिक्षणाची जागा जाईल. ती घाबरून गप्प होते. तिच्या जागी आपण सगळे कधी ना कधी उभे राहिलो आहोत.

पण त्या छिद्राला डोळा लावणारे आपणही आहोत. कोणाची मुलगी कोणाबरोबर बोलत होती, कोण जुम्म्याला आला नाही, कोणाच्या घरी कसले पुस्तक दिसले, कोणी सभेत तलाकबद्दल काय मत मांडले, याचे अहवाल आपल्या मोहल्ल्यांत कोणत्याही सरकारी हुकमाशिवाय तयार होतात आणि संध्याकाळपर्यंत पोहोचायच्या तिथे पोहोचतात. त्या अहवालांवर शिक्षाही होते. बोलणे टाकले जाते, सोयरिकी मोडतात. कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये, बाराव्या आयतीत, संशय, तजस्सुस आणि पाठीमागची निंदा या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ मना केल्या आहेत. तजस्सुस म्हणजे दुसऱ्याचे झाकलेले उकरून पाहणे. हा क्रम आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी संशय येतो, मग माणूस कान लावतो, मग ऐकलेले वाटत सुटतो. श्टाझीच्या कामाची पद्धतही याच क्रमाने चालत होती.

वाजमध्ये अनेकदा ऐकलेली एक कथा इथे आठवते. खलिफा हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालत असताना एका घरातून आवाज आला. ते भिंतीवरून चढून आत गेले तर एक माणूस दारू घेऊन बसलेला. त्यांनी त्याला खडसावले. तो म्हणाला की माझा गुन्हा एक, तुमचे तीन. तुम्ही पाळत ठेवलीत, दाराने आला नाहीत आणि परवानगी घेतली नाहीत. आणि हजरत उमर (रजि.) ते ऐकून मागे फिरले. ज्याच्या हातात सर्व सत्ता होती त्याला एक सामान्य माणूस, तोही चुकत असलेला माणूस, पाळतीचा जाब विचारतो आणि सत्ता तो मान्य करते. आपल्या परंपरेत एवढी मोठी गोष्ट असताना आपण ती फक्त दारूबंदीच्या संदर्भात का सांगतो, कोण जाणे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. मंत्र्याच्या जाचात सापडलेली आणि गोळ्यांच्या व्यसनामुळे अडकलेली क्रिस्टा-मारिया चौकशीत मोडते आणि यंत्र लपवल्याची जागा सांगते. झडतीच्या आधी वीस्लर ते यंत्र गुपचूप काढून नेतो, पण तिला हे ठाऊक नसते. शरमेने ती रस्त्यावर धावते आणि मालमोटारीखाली सापडून मरते. दोन पुरुषांच्या मनाची शुद्धी होण्यासाठी तिसऱ्या बाईचा बळी जातो. तिने काय सोसले हे तिच्या तोंडून आपल्याला फारसे ऐकायला मिळतच नाही. माळ्यावरून ऐकणाऱ्यालाही तिचे रडणे ऐकू येते, म्हणणे ऐकू येत नाही. दुसरा आक्षेप इतिहासाचा. श्टाझीच्या जुन्या तुरुंगाचे स्मारक बर्लिनमध्ये आहे. त्याचे तेव्हाचे संचालक हुबर्टुस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली. वीस्लरसारखा अधिकारी प्रत्यक्षात कोणी झालाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी त्या कोठड्या भोगल्या त्यांच्या बाजूने पाहिले तर हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. छळणाऱ्यांमध्ये एक संत शोधून काढणे प्रेक्षकाला फार सोयीचे असते.

तरीही चित्रपटाचा शेवट आम्हाला मोठा वाटतो. संशय आल्यामुळे वीस्लरला तळघरात पत्रे वाफेवर उघडण्याच्या कामाला लावले जाते. 9 नोव्हेंबर 1989 रोजी भिंत पडते. पुढे द्रायमानला कळते की आपल्या घरात प्रत्येक खोलीत तारा होत्या. तो अभिलेखागारात जाऊन आपली फाईल मागतो. गठ्ठेच्या गठ्ठे त्याच्यासमोर येतात. शेवटच्या अहवालावर त्याला लाल शाईच्या बोटाचा ठसा दिसतो, आणि आपल्याला कोणी वाचवले ते उमगते. खाली नाव नाही, फक्त खूण आहे: एचजीडब्ल्यू वीस-सात. द्रायमान त्याला शोधून काढतो, लांबून पाहतो आणि न भेटताच परत फिरतो. दोन वर्षांनी त्याची कादंबरी येते. ती त्या खुणेला अर्पण केलेली असते.

हा शेवट शक्य झाला तो एका कायद्यामुळे. डिसेंबर 1991 मध्ये जर्मनीने कायदा करून ज्याची फाईल त्याला पाहण्याचा हक्क दिला. त्या खात्याचे 111 किलोमीटर लांबीचे कागद आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आमच्याकडे आणीबाणीवर शाह आयोग बसला, त्याचे अहवाल आले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकालही दिला. पण आपल्याबद्दल काय लिहून ठेवले गेले, ते वाचायला आपल्यापैकी कोणाला कोणत्या खोलीत बोलावले गेले नाही. जे वाचायला मिळत नाही ते माफही करता येत नाही. आमच्या मुलखातले असे किती वीस्लर आभाराविना मेले असतील आणि किती दुसऱ्या टोकाचे जाबाविना.

आता चाचांचे सांगून संपवतो. महिनाभराने आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा ते आपण होऊन बोलले. एका सभेत एक तरुण शिक्षक रागाच्या भरात भलतेच काही बोलून गेले होते. चाचांनी ते वाक्य कागदावर घेतले नाही. शिक्षकांना लहान मुले होती, एवढेच कारण. आजही ते दोघे एकाच मशिदीत भेटतात, सलाम-दुआ होते. शिक्षकांना काही माहीत नाही. आम्हाला वाटले, सापडला आपला वीस्लर. पण चाचा थांबले नाहीत. दुसऱ्या एका पोराबद्दल त्यांनी ऐकले तसे लिहिले होते. पुढे त्याची नोकरी चौकशीत अडकल्याचे त्यांच्या कानावर आले. तो पोरगा मग मुंबईला गेला, नंतर त्याचा पत्ता लागला नाही. चित्रपट पाहताना आपल्याला त्या शिक्षकांची आठवण झालीच नाही, असे ते म्हणाले. त्या पोराची झाली.

क्नाबे यांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर आमच्याकडे नाही. खरा माणूस दोन्ही कागद लिहितो. आमच्या लेखकांना एवढीच विनंती की ही माणसे अजून आहेत, सातारा-सांगलीच्या मोहल्ल्यांत, वाड्यांत, पेन्शनच्या रांगेत बसलेली. त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांनी आयुष्यभर ऐकले. आता कोणीतरी त्यांचे ऐकायला हवे, दारातून, परवानगी घेऊन.